मोठ्या शासकीय विभागाचे व्यवस्थापन

हजारो, प्रसंगी लाखो कर्मचारी आणि देशभर पसरलेली कार्यालये एका प्रमुखाच्या जबाबदारीखाली चालवणे, हा लोकप्रशासनातील अत्यंत अवघड प्रश्न आहे. अडचण केवळ आकाराची नाही. विभागप्रमुखाची उद्दिष्टे कायद्याने ठरतात, पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि माणसे सेवानियमांनुसार मिळतात. यांपैकी फारच थोडे त्याच्या हातात असते. जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

उद्दिष्टेही एकमेकांना छेद देतात. सीमाशुल्क विभागाने माल झटपट सोडवायचा आणि तस्करीही रोखायची. नफ्यासारखे एकच मोजमाप नसल्याने निकाली निघालेली प्रकरणे मोजली जातात. मग सोपी प्रकरणे आधी हातावेगळी होतात आणि किचकट प्रकरणे, म्हणजे बहुधा सर्वाधिक गरजूंची, मागे पडतात. जिथे अखर्चित तरतूद वर्षाअखेर व्यपगत होते, म्हणजे विभागाच्या हातून जाते, तिथे शेवटच्या आठवड्यांत खर्चाची घाई होते.

विलीनीकरणाने समन्वयाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने २२ यंत्रणा, किंवा त्यांचे भाग, एकत्र करून अंतर्गत सुरक्षा विभाग उभारला. त्यांत तटरक्षक दल होते, तसेच आपत्तिनिवारण यंत्रणाही होती. प्रत्येकीची हिशेबपद्धत आणि कामाची शिस्त वेगळी. संसदेच्या अनेक समित्यांचा प्रत्येक यंत्रणेवर देखरेख करण्याचा जुना हक्कही कायम राहिला. विभागाच्या सर्व वित्तीय विवरणांना लेखापरीक्षकांचा निर्दोष शेरा मिळायला २०१३ साल उजाडले.

सर्वांत दुर्लक्षित अडचण माहितीची आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला जी अडचण रोज दिसते, ती टिप्पणीच्या प्रत्येक पायरीवर सौम्य होत जाते आणि सचिवापर्यंत पोहोचते तेव्हा ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढीच उरते. वाईट बातमी कळवणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर कोणतीही संगणकप्रणाली हे बदलू शकत नाही. वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे विभागाची स्मृतीही पुसली जाते.

उपाय म्हणून ब्रिटनने १९८८ पासून अंमलबजावणीचे काम स्वतंत्र कार्यकारी संस्थांकडे सोपवले. त्यातून कामाला मोकळीक मिळाली, पण जबाबदारीची रेषा धूसर झाली. १९९५ मध्ये कैदी पळाल्याच्या प्रकरणांनंतर अशाच एका संस्थेचे, तुरुंग सेवेचे, प्रमुख डेरेक लुईस बडतर्फ झाले. धोरण आपले, कारभार सेवेचा, ही गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांची भूमिका होती. तर मंत्री रोजच्या कारभारात ढवळाढवळ करत होते, असे लुईस यांचे म्हणणे होते.