स्पीकरमधलं घुंघुं आणि निरपराध अर्थिंग

स्टीरिओतून सतत बारीक घुंघुं येत असेल, तर त्यावर एक सल्ला हमखास मिळतो: ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिन टॉपची वरची जाडी पिन, म्हणजे अर्थिंगची, काढून टाका. या सल्ल्याची खरी पंचाईत अशी, की तो बहुतेक वेळा लागू पडतो. पिन काढली की हमिंग थांबतं, आणि मग ती पिन परत कुणी बसवत नाही. पुढे कधी आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज पत्र्याच्या बॉडीला लागला, तर करंटला जमिनीकडे जायला वाट नसते. एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, फ्यूज उडत नाही, २३० व्होल्ट बॉडीवर नुसते बसून राहतात. मुंबईत जुलैमध्ये ओलसर लादीवर अनवाणी उभं राहून त्या बॉडीला हात लावणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तरीही पिन काढल्यावर आवाज का जातो, हे समजून घ्यायला हवं. ते कळलं की योग्य जागी कात्री लावता येते.

आधी आवाज ओळखू. आपली वीज ५० हर्ट्झची; मुंबईत ती बेस्ट कंपनीची असो की अदानीची, ग्रिड एकच आणि ते ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखलं जातं. त्यामुळे हमिंगचा सूर पक्का असतो: हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या किंचित वर, पण खूप खालच्या सप्तकात. घरातल्या हमिंगचे दोन मुख्य प्रकार. एक ५० हर्ट्झचा, गोल आणि खर्जातला. दुसरा १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा, जरा खरखरीत. फोनवर टोन जनरेटरचं फुकट ॲप टाकून दोन्ही सूर ऐकता येतात, मात्र हेडफोन लावून. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ निघतच नाही.

आता मूळ मुद्दा. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या साध्या आरसीए केबलमध्ये (लाल-पांढऱ्या टोकांच्या ऑडिओ वायरीत) दोनच वाहक असतात, मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी. या जाळीवर दोन कामं लादलेली आहेत. बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणं हे एक, आणि सिग्नलची परतीची वाट होणं हे दुसरं. ॲम्प्लिफायर ‘गाणं’ म्हणून जे मोजतो, ते मधली तार आणि जाळी यांच्यातला व्होल्टेजचा फरक. म्हणजे जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे काही व्होल्टेज पडेल, ते गाण्यात मिसळणारच. ते गाळून वेगळं करायची सोय या केबलमध्ये नाही.

जाळीत करंट येतो कुठून? ॲम्प्लिफायरची बॉडी तुमच्या घराच्या अर्थिंगला जोडलेली. टीव्हीला किंवा सेट-टॉप बॉक्सला केबलवाल्याची कोॲक्सियल वायर (मधे तार, भोवती जाळी असलेली गोल अँटेना वायर, थोडक्यात कोॲक्स) आलेली. ती गच्चीवरून, कदाचित शेजारच्या इमारतीवरून येते, आणि वाटेत कुठल्यातरी बूस्टरपाशी दुसऱ्याच अर्थिंगला टेकलेली असते. दोन ठिकाणच्या जमिनी कागदावर शून्य व्होल्टच्या. प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा फरक राहतोच. आरसीए केबल लावताच वर्तुळ पूर्ण होतं: तुमचं अर्थिंग, ॲम्प्लिफायर, आरसीएची जाळी, टीव्ही, कोॲक्सची जाळी, दुसरं अर्थिंग. हाच ग्राउंड लूप. थ्री-पिन टॉपची पिन काढली की वर्तुळ तुटतं, म्हणून आवाज थांबतो. पण वर्तुळ कुठेही तोडलं तरी तेवढंच थांबतं. जीव वाचवणाऱ्या तुकड्यावरच घाव कशाला?

थोडं गणित करू. समजा दोन जमिनींमधला फरक २० मिलिव्होल्ट आणि वर्तुळाचा एकूण रोध १ ओहम. मग २० मिलिअँपिअर करंट वाहील. आरसीएच्या जाळीचा रोध ०.०५ ओहम धरला, तर तिच्यावर १ मिलिव्होल्ट पडेल. पॉवर ॲम्प्लिफायर तो साधारण २० पट करतो, म्हणजे स्पीकरवर २० मिलिव्होल्ट. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर त्यातून ४७ डेसिबलचं हमिंग निघेल. आता कानाची बाजू: ५० हर्ट्झला माणसाच्या ऐकण्याचा उंबरठा ४४ डेसिबलच्या आसपास आहे, १०० हर्ट्झला मात्र जेमतेम २७. म्हणजे ५० हर्ट्झचं ते ४७ डेसिबल रात्रीच्या शांततेत कसंबसं ऐकू येईल. पण त्याच करंटमध्ये १०० आणि १५० हर्ट्झचे अंश त्याच्या एक तृतीयांश जरी असले, तरी ते ठसठशीत ऐकू येतील. छोट्या शेल्फ-स्पीकरचं हमिंग खर्जातलं न वाटता खरखरीत का वाटतं, आणि सबवूफर जोडताच अचानक जमीन का गुरगुरते, दोन्हीचं उत्तर यात आहे.

याच गणितात मुंबईच्या दमट हवेचाही वाटा आहे. आरसीएच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढला की जाळीच्या वाटेतला रोध वाढतो आणि तिच्यावर पडणारं व्होल्टेजही वाढतं. पिन पिरगाळल्यावर हमिंग कमी-जास्त होत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस काढा, बाकीचं नंतर.

दोष शोधायचा क्रम असा. व्हॉल्यूम शून्यावर आणा. हमिंग तेवढंच राहिलं, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, ॲम्प्लिफायरच्या पोटात. जुना संच असेल तर बहुधा पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात; हे हमिंग १०० हर्ट्झचं आणि दोन्ही चॅनलमध्ये सारखं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे घ्यावेत. व्हॉल्यूमबरोबर हमिंग वाढत असेल तर ते इनपुटमधून येतंय. सगळ्या केबल काढा, एकेक लावत जा. टीव्हीची केबल लावताच सुरू झालं, तर आरसीए तशीच ठेवून टीव्हीच्या मागची कोॲक्स उपटा. थांबलं? सापडलं.

केबल टीव्ही असेल तर कोॲक्सवर बसणारा ७५ ओहमचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन तांब्याची सलग वाट तोडणारा) पुरतो. लॅमिंग्टन रोडवर विचारलं की मिळतो. डिशला मात्र तो चालत नाही, कारण छपरावरच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेल्या सिग्नल टिपणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून वर पाठवले जातात. आयसोलेटर ते अडवतो आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं. तिथे ऑडिओच्या बाजूनेच तोडावं लागतं. सगळ्यात स्वच्छ तोड म्हणजे ऑप्टिकल केबल. प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, करंट जाऊच शकत नाही. टोकांची पारदर्शक टोपणं काढायला विसरू नका, आणि आवाजच आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. ॲम्प्लिफायर जुना असून ऑप्टिकल सोय नसेल तर छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी डबी) लागेल. इथे बरेच जण एक घोळ घालतात: डॅकला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून देतात. यूएसबीची ग्राउंड तार टीव्हीच्या ग्राउंडलाच जोडलेली. प्रकाशाने तोडलेलं वर्तुळ तांब्याने परत जुळतं. डॅकला वेगळा चार्जर द्यावा.

दुसरा उपाय १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचा, ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणून विकला जाणारा. स्वस्तातल्या डबीचा गाभा लहान असतो, खालच्या सुरांत तो संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व सामावू शकत नाही. बातम्यांना चालेल. तबला लावून बघा. डग्गा बसका किंवा फाटका वाटला तर ती डबी संगीताच्या कामाची नाही.

स्वतः ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांसाठी आणखी एक रीत आहे. बॉडी थेट अर्थला, पण सिग्नल ग्राउंड आणि बॉडी यांच्यामध्ये १० ओहमचा रोधक, त्याला समांतर १०० नॅनोफॅरड आणि उलटसुलट जोडलेले दमदार डायोड. वरच्या उदाहरणात वर्तुळाचा रोध १ वरून ११ ओहम होतो, हमिंग २१ डेसिबलने उतरतं, आणि दोष आल्यास करंट डायोडमधून अर्थकडे जातो. डायोडसाठी ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर सोयीचा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. दोन पिनांच्या चार्जरमध्ये काही नॅनोफॅरडचा वाय-कपॅसिटर (मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये बसवलेला) असतो. २३० व्होल्टला २.२ नॅनोफॅरडमधून ०.१६ मिलिअँपिअर गळतो. तोच धातूच्या बॉडीवर बोट फिरवताना झिणझिणतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीतूनही परततो. चार्जर काढताच आवाज गेला तर निदान झालं. अर्थिंग असलेला तीन पिनांचा चार्जर वापरा, आणि लॅपटॉप व ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा.

मात्र बोर्डात अर्थिंग आहे तरी का? जुन्या चाळी-इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अनेकदा दोनच वायरी निघतात. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३०च्या आसपास, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थला पन्नास-शंभर व्होल्ट दिसले तर अर्थ तरंगतंय. इस्त्री चालू करूनही ठार शून्यच दिसत असेल, तर कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवल्याची शंका घ्या. न्यूट्रल तुटला की बॉडीवर फेज येईल. पुढचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ पॉवर कॉर्डने यातलं काहीच बदलत नाही, कारण लूप तिथेही तसाच राहतो. स्विचबोर्डवर चिकटवायच्या ‘एनर्जी’ चिपने तर नाहीच. आणि ॲम्प्लिफायर आग्नेयेला हलवल्यावर हमिंग कमी झालं असेल, तर श्रेय वास्तुशास्त्राचं नव्हे. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र केबलपासून दूर गेलं, इतकंच. नैर्ऋत्येलाही तेवढंच दूर नेऊन बघा.

चोर बाजारातून टर्नटेबल आणणाऱ्यांना शेवटची सूचना. कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल पाचेक मिलिव्होल्टचा, आणि तो वाढवणारं फोनो सर्किट १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला १७ डेसिबल जादा उचलतं. म्हणून तिथे एक किरकोळ लूपही गर्जतो. टर्नटेबलमधून दोन आरसीएंसोबत एक बारीक सुटी तार निघते, टोकाला इंग्रजी यू-आकाराचा पत्रा असलेली. ती फोनो प्रीॲम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली आवळायची. भिंतीतल्या अर्थला किंवा ॲम्प्लिफायरच्या बॉडीला आणखी वेगळी जोडायची नाही.