वाऱ्यावर पराग, पाण्यात अंडी

हिमालयातला देवदार आणि मन्नारच्या आखातातली समुद्रकाकडी. एकाची मुळं डोंगरात रुतलेली, दुसरी म्हणजे वाळूवरून जेमतेम सरकणारा समुद्री प्राणी. जोडीदार शोधत हिंडणं दोघांनाही जमत नाही, म्हणून देवदारानं ते काम वाऱ्यावर सोपवलं आणि समुद्रकाकडीनं पाण्यावर.

शरद ऋतूत देवदाराचे नर शंकू पिकतात आणि पिवळे पराग हवेत उधळले जातात. प्रत्येक परागकणाला हवेचे दोन फुगे असतात. मादी शंकूला पिकून बी मोकळं करायला मग साधारण वर्षभर लागतं.

मला अधिक नवल वाटतं ते समुद्रकाकडीचं. होलोथुरिया स्काब्रा ही तिची जात. तमिळ मच्छीमार अशा प्राण्यांना ‘अट्टै’ म्हणतात. ती तारामाशाच्या कुळातली, आणि उत्क्रांतीच्या नात्यानं खेकड्यापेक्षा आपल्याला जवळची! वाळू गिळायची, तिच्यातलं सेंद्रिय खाद्य पचवायचं, उरलेली बाहेर टाकायची, हा तिचा दिनक्रम. श्वासासाठी ती गुदद्वारातून पाणी आत ओढते. तिचा श्वसनाचा अवयव झाडासारखा फांद्या फुटलेला असतो. एरवी वाळूत दडणारी ही समुद्रकाकडी विणीच्या वेळी शरीराचा पुढचा भाग उचलून उभी राहते आणि डोलू लागते. बहुधा नर आधी शुक्राणू सोडतात, त्यांची चाहूल लागून माद्या लाखो अंडी सोडतात. फलन होतं ते उघड्या पाण्यात.

या पद्धतीला गर्दी लागते. नर-मादी दूरदूर असले, की शुक्राणू पाण्यात विरून जातात. देवदाराचं इतकं अडत नाही. वारा पराग लांबवर नेतो, झाड शेकडो वर्षं जगतं, एक हंगाम फुकट गेला तरी पुढचे असतात. १९व्या शतकात रेल्वेच्या स्लीपरांसाठी देवदार अमाप तोडले गेले, पण जुनी झाडं उरली तिथे बी पडत राहिलं.

समुद्रकाकडीला ही सवलत नाही. वाळवून चीन आणि आग्नेय आशियात विकण्यासाठी ती इतकी उपसली गेली, की भारतानं २००१मध्ये तिच्या सर्व जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. २०२०मध्ये लक्षद्वीपला चेरियापानीजवळ २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्रही झालं. बंदी हवीच, पण विखुरलेले प्राणी नुसत्या बंदीनं एकमेकांजवळ येत नाहीत. तुतिकोरिनच्या शास्त्रज्ञांनी १९८८मध्येच या जातीची पिल्लं हॅचरीत वाढवून दाखवली. पाणी काही अंश तापवलं की प्रौढ प्राणी विणीला लागतात. अशी पिल्लं समुद्रात सोडायची, तर थोड्या जागेत आणि दाट सोडायला हवीत.