सुकामेव्याचे लाडू

सुकामेव्याचे लाडू : बी काढलेला खजूर तुपावर मऊ करून त्यात भाजलेले बदाम, काजू, शेंगदाणे, तीळ यांची भरड मळून वळलेले, साखरेचा वा गुळाचा पाक न लागणारे घरगुती लाडू. नागपुरात ते मुख्यतः शाळकरी मुलांसाठी केले जातात. छोट्या सुट्टीचा डबा, संध्याकाळी खेळायला पळण्यापूर्वीची भूक, परीक्षेचे दिवस या त्यांच्या ठरलेल्या वेळा. दिवाळीचा फराळ संपला की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. दुकानात हाच पदार्थ ‘ड्रायफ्रूट लाडू’ किंवा ‘एनर्जी बॉल’ या नावाने मिळतो. घरात ‘खजुराचे लाडू’ एवढ्यावर भागते.

प्रकार नवा वाटला तरी तो बाळंतिणीच्या डिंकलाडवाचा धाकटा भाऊ आहे. विदर्भातील डिंकलाडवात खारीक, खोबरे, डिंक, खसखस, कधी मेथी आणि गोडंबी पडते. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीचा गर. टरफलातील तेल अंगाला लागले तर बिबा उततो, म्हणून ती सोललेली व स्वच्छ केलेलीच घ्यावी लागते. हे लाडू गुळाच्या पाकात बांधतात. पाक जरा पुढे गेला की लाडू फोडायला बत्ता शोधावा लागतो, आणि मेथीचा कडूपणा मुलांना चालत नाही. खजूर वापरला की पाकाची भानगडच उरत नाही. गोडी आणि चिकटपणा दोन्ही त्याच्यातूनच मिळतात, त्यामुळे नवख्या हातालाही हे लाडू सहसा फसवत नाहीत.

घरगुती प्रमाण साधारण असे धरता येते : पाव किलो बिनबियांचा मऊ खजूर, ७५ ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम काजू, ५० ग्रॅम शेंगदाणे, २५ ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम जवस, ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे तूप आणि वेलची. एवढ्यात मुलांच्या आकाराचे, सुमारे २० ग्रॅमचे २५ लाडू होतात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण बदामाला लागतो तेवढा वेळ दिला तर तीळ करपतात आणि खोबरे तर त्याआधीच लाल होते. जवस तडतडेपर्यंत भाजून त्याची पूड करायची. अख्खा जवस दाताखाली न फुटता तसाच पोटातून निघून जातो. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नयेत. गरम असताना किंवा सलग फिरवले तर तेल सुटते आणि भरडीऐवजी लोणी हाती येते. थांबत थांबत फिरवलेली भरड उत्तम. मग मंद आचेवर तुपात खजूर परतून, तो गोळा होऊ लागला की कढई उतरवायची, भरड मिसळायची आणि मिश्रण कोमट असतानाच लाडू वळायचे. लाडू वळत नाहीत म्हणून दुधाचा शिपका देण्याची सवय अनेक घरांत आहे. ती वाईट सवय आहे : दुधाच्या ओलाव्याने दोन-तीन आठवडे टिकणारा लाडू दोन दिवसांवर येतो. त्याऐवजी मूठभर खजूर वाढवावा किंवा चमचाभर गरम तूप घालावे.

खजुराऐवजी खारीक घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दोन्ही एकाच झाडाची फळे असली तरी खारकेत ओलावा फारच कमी, त्यामुळे नुसत्या खारकेच्या पुडीचे लाडू तूप किंवा गूळ वाढवल्याशिवाय बांधले जात नाहीत. बेदाणे आणि अंजीर चालतात, पण बेदाणे आधी धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावेत. पिवळसर बेदाणा तयार करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि रंग टिकावा म्हणून बहुधा गंधकाची धुरीही देतात.

पुस्तकातील कृती नागपूरच्या हवेत जशीच्या तशी चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तूप पातळ होऊन लाडू बसकण मारतात आणि डब्याच्या तळाला तेलकट ओल येते. अक्रोड आणि जवस यांतील तेल उष्णतेत सर्वांत आधी खवट होते. उन्हाळ्यात हे दोन्ही वगळणेच बरे, आणि लाडू फ्रीजमध्येच ठेवावेत. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. खजुरातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतील दमटपणा ओढून घेतात, लाडू एकमेकांना चिकटतात. अशा वेळी ते खारकेच्या पुडीत किंवा भाजलेल्या खोबऱ्यात घोळवून थोडे थोडेच करतात. हिवाळ्यात तूप थिजून लाडू कडक होतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा थंडीत मिश्रण परातीत निवेपर्यंत गप्पा मारत बसले तर लाडू वळण्याऐवजी वड्या थापाव्या लागतात.

सामान आणायला जुने नागपूरकर अजूनही इतवारीतील किराणा ओळ आणि मस्कासाथ गाठतात. गोकुळपेठ, सीताबर्डीतही सगळे मिळते. काजू घेताना ‘डब्ल्यू ३२०’ ही प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे दाणे, लाडवासाठी मागणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. भरडच करायची असल्याने काजू तुकडा तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो. महाग मेव्याविषयीचा एकूण आदरही थोडा कमी करायला हरकत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामात सुमारे २०. सालीसकट तिळातील कॅल्शियम बदामाच्या तिपटीहून जास्त भरते, जरी सालीतील ऑक्झलेटमुळे ते सगळे अंगी लागत नाही. विदर्भातील घराघरांत चटणीसाठी असणारा जवस ओमेगा-३ गटातील अल्फा लिनोलेनिक आम्ल देतो. पूर्व विदर्भाच्या जंगलातील चारोळी हीसुद्धा इथली खास भर. त्याच पट्ट्यात वाळलेल्या मोहफुलांचेही लाडू करतात. मोहाचे नाव दारूशी जोडले गेल्याने शहरी स्वयंपाकघराने ते अजून मनापासून स्वीकारलेले नाहीत, हे नुकसान शहराचेच.

पाकिटावर आणि बोलण्यातही या लाडवाला ‘बिनसाखरेचा’ म्हणण्याची पद्धत दिशाभूल करणारी आहे. वरून साखर घातलेली नसते इतकाच त्याचा अर्थ. खजुराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग साखरच असतो. चिकट खजूर दातांच्या फटीत बसतो, म्हणून लाडू खाल्ल्यावर चूळ भरायला लावावी. २० ग्रॅमच्या लाडवात साधारण ८० ते ९० किलोकॅलरी येतात. शाळकरी मुलाला दिवसाला एक-दोन पुरेत, जेवणाच्या जागी नव्हे तर दोन जेवणांच्या मध्ये. यातील लोह वनस्पतिजन्य असल्याने शरीरात कमी शोषले जाते आणि क जीवनसत्त्व सोबत असले तर अधिक. इथे नागपूर आपोआप मदतीला येते : आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून बाजारात असतात, म्हणजे नेमकी लाडवांच्या हंगामात. डब्यात लाडवाशेजारी सोललेल्या चार फोडी ठेवल्या की काम होते.

लहान वयात काळजी वेगळी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा किंवा जाड तुकड्याचा दाणा अडकण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्या लाडवातील भरड रव्याइतकी बारीक हवी आणि लाडूही कुस्करून द्यावा. चिकटपणासाठी मध घातला असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. शेंगदाणे, काजू, तीळ यांची अ‍ॅलर्जी काहींना असते. काजूची असेल तर पिस्त्याचीही असण्याची शक्यता मोठी, कारण दोन्ही एकाच कुळातील. चारोळी आणि बिबाही त्याच कुळातले, तेव्हा अशा मुलाला ती देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मात्र अ‍ॅलर्जीच्या धास्तीने शेंगदाणा वर्षानुवर्षे लांब ठेवणे हा उपाय नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या वैद्यकीय चाचणीत, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केल्यावर पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी आढळली. अशा बाळांच्या बाबतीत सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची. बुरशी आलेला, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा शेंगदाणा मात्र सरळ टाकून द्यावा. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते आणि भाजून ते पुरते जात नाही.

हंगामाबाहेर हे लाडू होतात ते सणांपुरते. त्यात नागपूरचा खास सण तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळवतात. दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. दिवस भर पावसाळ्यातले असल्याने त्या दिवशी वाटायचे लाडू आदल्या रात्रीच वळून, खोबऱ्यात घोळवून सुटे सुटे कागदात बांधलेले बरे.