स्वयंसेवी वितरित संगणनासाठी घरगुती संगणक

स्वयंसेवी वितरित संगणनासाठी घरगुती संगणक : एखाद्या वैज्ञानिक प्रश्नाची अवाढव्य आकडेमोड लहान लहान तुकड्यांत वाटून जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांकडून करून घेण्याच्या पद्धतीला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. बहुतेक स्वयंसेवक त्यासाठी रोजच्या वापरातल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात. काही जण मात्र याच कामाकरिता सुटे भाग निवडून घरी संगणक बांधतात. असा संगणक खेळांसाठी बांधलेल्या संगणकासारखा दिसला, तरी त्याची कसोटी वेगळी असते. तो घटकाभर किती वेगाने धावतो याला फारसे महत्त्व नसते. महिनोन्महिने पूर्ण भाराखाली राहून तो किती विजेत किती अचूक उत्तरे देतो, हे पाहावे लागते.

मर्सेन प्रकारच्या (दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) मूळ संख्या शोधणारा ‘गिंप्स’ हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने ‘सेटी ॲट होम’ सुरू केला आणि रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्याच्या या कामामुळे ही पद्धत घरोघरी पोहोचली. प्रथिनांचे रेणू घड्या पडून कसे दुमडतात याचा अभ्यास करणारा ‘फोल्डिंग ॲट होम’ २००० मध्ये आला. पुढे बर्कलीतच डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली ‘बॉइंक’ ही सामाईक प्रणाली तयार झाली, आणि एकाच संगणकावर अनेक प्रकल्पांची कामे चालवणे सोपे झाले. ‘सेटी ॲट होम’ने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम पाठवणे थांबवले. त्याच सुमारास करोना विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी लाखो लोक ‘फोल्डिंग ॲट होम’मध्ये सामील झाले आणि त्यांच्या संगणकांची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली.

बांधणीत प्रकल्प आधी आणि सुटे भाग नंतर ठरवावेत. हवामानाच्या प्रारूपांची कामे प्रोसेसरवर चालतात, दीर्घकाळ रेंगाळतात आणि प्रत्येक कामाला बरीच रॅम (तात्पुरती स्मृती) लागते. त्यामुळे सोळा कोअरचा (स्वतंत्र गणना करणाऱ्या सोळा भागांचा) प्रोसेसर घेऊन रॅम तोकडी ठेवली, तर निम्मे कोअर रिकामे बसू शकतात. ‘फोल्डिंग ॲट होम’चे बहुतांश काम ग्राफिक्स कार्डावर झपाट्याने होते. मूळ संख्यांच्या चाचणीत मात्र दुहेरी अचूकतेची, म्हणजे प्रत्येक संख्येचे अधिक अंक जपणारी आकडेमोड लागते, आणि ग्राहकांसाठीच्या अनेक ग्राफिक्स कार्डांत तिचा वेग एकेरी अचूकतेच्या वेगाच्या १/३२ किंवा १/६४ इतकाच ठेवलेला असतो. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून कार्ड घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच. ग्राफिक्स कार्डाला काम पुरवत राहण्यासाठी प्रोसेसरचा एक कोअर मोकळा ठेवण्याची पद्धत आहे. तो वाचवू पाहिल्यास कार्डच अडखळते.

अशा संगणकाचा खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. सतत ३०० वॅट घेणारा संगणक दिवसाला ७.२ युनिट, म्हणजे वर्षाला २,६०० हून अधिक युनिट वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. चिपला लागणारी शक्ती साधारणपणे वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाच्या शेवटच्या काही टक्क्यांसाठी विद्युतदाब वाढवावा लागत असल्याने तेवढा वेग फार महाग पडतो. उलट, प्रोसेसरची किंवा कार्डाची शक्तिमर्यादा जाणीवपूर्वक खाली आणली, तर काम थोडेच मंदावते आणि वीज त्या मानाने बरीच वाचते. या संगणकावर करण्याजोगा सर्वांत मोलाचा बदल हाच आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पॉवर सप्लाय चांगल्या कार्यक्षमतेचा आणि गरजेपेक्षा पुरेसा मोठा घ्यावा, म्हणजे तो सदैव आपल्या कमाल मर्यादेवर चालत नाही. कॅबिनेट हवा खेळती ठेवणारे असावे. हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि पंख्यांवरची धूळ वेळोवेळी झाडली नाही, तर उत्तम बांधणीही तापून मंदावते.

अचूकतेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. खेळात एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला तर काही बिघडत नाही. आठवडाभर चाललेल्या गणनेत एक बिट (शून्य किंवा एक हा स्मृतीतला एक अंक) उलटला, तर सगळा आठवडा वाया जाऊ शकतो. म्हणून अनेक प्रकल्प तोच तुकडा दोन वेगळ्या संगणकांकडे पाठवतात आणि उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्याकडून तपासून घेतात. याच पद्धतीच्या ‘आइनस्टाइन ॲट होम’ या प्रकल्पाने २०१० मध्ये अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा) शोधला, तेव्हा श्रेय अमेरिकेतल्या एका दांपत्याला आणि जर्मनीतल्या एका स्वयंसेवकाला मिळाले, कारण तोच तुकडा या दोघांकडच्या संगणकांनी सोडवला होता. तरीही ही उलटतपासणी आहे म्हणून आपला संगणक चुका करणारा ठेवणे योग्य नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे दुसऱ्या कोणाची तरी वीज खर्च होते. निर्धारित वेगापलीकडे चिप पळवणे टाळावे, रॅमची चाचणी रात्रभर चालवावी आणि प्रोसेसर ‘प्राइम९५’ने काही तास ताणून पाहावा. संगणक ताणून पाहण्यासाठी सर्वत्र वापरला जाणारा हा प्रोग्राम मुळात गिंप्सच्याच गणनेसाठी लिहिला गेला. चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम मदरबोर्डाला चालत असेल, तर दीर्घ कामांसाठी ती घ्यावी.

साठवणुकीची गरज बेताचीच असते. प्रोग्राम ठरावीक अंतराने आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी बहुतेक कामे शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होतात; मात्र सतत लिहिण्याने होणारी एसएसडीची (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची) झीज टाळण्यासाठी हे अंतर वाढवता येते. दर तुकड्याला परत करण्याची मुदत असते. संगणक रोज काहीच तास चालणार असेल, तर महिनाभराची कामे न घेता छोट्या तुकड्यांचे प्रकल्प निवडावेत आणि कामांचा साठा एका दिवसापुरताच ठेवावा, म्हणजे मुदत उलटून तोच तुकडा दुसऱ्या कोणाकडे पाठवण्याची पाळी येत नाही.