रेझिस्टिन: उंदरांचा निष्कर्ष माणसांवर

लठ्ठ माणसाच्या चरबीतून पाझरणारे रेझिस्टिन हे प्रथिनच टाइप २ मधुमेहाचे मूळ, असे पुण्यातील आरोग्यविषयक व्याख्यानांत अजूनही ठामपणे सांगितले जाते. २००१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी ते मांडले खरे, पण उंदरांबाबत: लठ्ठ उंदरांत हे प्रथिन वाढलेले होते आणि ते निष्प्रभ करताच इन्सुलिनचा परिणाम सुधारला. माणसात मात्र ते चरबीच्या पेशींत नव्हे, तर प्रामुख्याने मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत तयार होते. त्यामुळे दाहाशी (इन्फ्लमेशन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींमुळे येणारी सूज) त्याचे नाते स्पष्ट असले, तरी मधुमेहाशी असलेला संबंध सर्व अभ्यासांत सारखा आढळत नाही. मुळात लठ्ठपणा केवळ वजनावरून जोखणेही (हे पुणेकरांनी तरी विसरू नये) फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के भरली.