जुनी मोठी गाडी घेताय? बयाणा देण्याआधी एकदा दाखवा

हिंगणघाट-वडनेर परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी

कापसाचे चुकारे हातात आले की आमच्या गॅरेजचे फोन वाजू लागतात. "गाडी त एक नंबर हाये भाऊ, फक्त एकदा पाहून द्या." गाडी म्हणजे दिल्ली, हैदराबाद नाहीतर पुण्याहून आलेली मर्सिडीज, ऑडी किंवा बीएमडब्ल्यू. आणि बहुतेक वेळा बयाणा देऊन झालेला असतो. मग दोष सापडला तरी आम्ही तो सांगून तुमची झोप तेवढी उडवतो. म्हणून हात जोडून विनंती, आधी तपासणी, मग बयाणा.

पन्नास लाखांची गाडी दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते, हे खरं आहे. पण तिचे पार्ट पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. गाडीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही. आमची सगळी तपासणी याच एका गोष्टीसाठी आहे. घेतल्यावर पहिल्या वर्षात तुम्हाला किती खर्च येईल, हे सौद्याआधी कागदावर यायला हवं.

रात्रभर उभी राहिलेली गाडी खरं बोलते

एका शेतकरी ग्राहकाने घेतलेली गाडी संध्याकाळी अंगणात ऐटीत उभी होती. सकाळी पाहतात तर पुढचं डावं चाक मडगार्डात शिरलेलं, गाडी बसक्या बैलासारखी एका अंगावर कललेली. एअर सस्पेन्शनचा फुगा, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलून धरणारा हवेचा फुगा, रात्रभर हवा सोडत होता. सौद्याच्या वेळी इंजिन चालू होतं, कॉम्प्रेसर हवा भरत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. फुटक्या फुग्यात हवा भरून भरून शेवटी कॉम्प्रेसरही गेला. तेव्हापासून एअर सस्पेन्शनची गाडी आम्ही रात्री मुक्कामी मागतो. चारही मडगार्डांची उंची टेपने मोजून ठेवतो आणि सकाळी इंजिन चालू न करता पुन्हा मोजतो.

सकाळचं पहिलं स्टार्टिंगही तेवढंच महत्त्वाचं. आम्ही आधी बोनेटवर हात ठेवतो. ते गरम लागलं तर विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती असं समजा, आणि दुसऱ्या दिवशी या. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती झिजली की थंड इंजिनात खरखर ऐकू येते. चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन गरम झालं की तो आवाज दबू शकतो.

स्कॅनर आणि मीटर

डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, याचा अर्थ गाडी चांगली असा होत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसता येतात. पण कोड पुसल्यावर गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्यांत स्कॅनर, म्हणजे हे कोड वाचणारं यंत्र, दाखवतो. काल पुसलेले कोड दिसले, तर का पुसले ते आम्ही विकणाऱ्याला तुमच्यासमोर विचारतो. बऱ्याच जर्मन गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय गाडीतल्या इतर छोट्या कॉम्प्युटरांमध्येही (मॉड्यूलमध्ये) साठलेला असतो. तो जुळवून पाहतो. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिसची नोंदही मागवायला सांगतो.

रंग, पाणी, ऊन

पुष्कळ जण लोहचुंबक घेऊन येतात. या गाड्यांत बऱ्याचदा बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक मुळात चिकटतच नाही. आम्ही रंगाची जाडी मोजतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे.

पुरात बुडालेली गाडी वरून कितीही चकाचक केली तरी सीटबेल्ट लपवत नाही. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. नेहमी आत गुंडाळलेल्या वीतभर भागावर मातकट डाग दिसला, किंवा सीटखालच्या रुळांना गंज दिसला, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. यात आम्ही तडजोड सुचवत नाही. पाणी लागलेली वायरिंग वर्षभराने, दोन वर्षांनीही त्रास देते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कूलंटची प्लॅस्टिक टाकी, होस आणि रबरी बुश याच उन्हात तडकतात. एसी भर दुपारी, गाडी जागेवर उभी ठेवून पाहतो. आणि गाडी लिफ्टवर घेऊन पोट पाहतोच. पांदण रस्त्यावर एकदा जरी घासली असेल तरी खालचं कव्हर सांगतं.

एक मनापासूनचा सल्ला. तुमची गाडी फक्त घर, शेत आणि बाजार अशी तीन-चार किलोमीटर फिरणार असेल, तर एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेऊ नका. तिच्या डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जळायला गाडी हायवेवर सलग धावावी लागते. नाहीतर फिल्टर चोक होतो.

कागद

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे नोंदणी नव्याने करावी लागते, महाराष्ट्राचा टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी घ्या.

आमच्याकडे येताना

फी गाडी पाहण्याआधी सांगतो. सौदा झाला, मोडला, फी तीच. विकणाऱ्याकडून आम्ही कमिशन घेत नाही. इंजिन न उघडता आतलं सगळं दिसत नाही, म्हणून जे पाहिलं आणि जे पाहता आलं नाही, दोन्ही फोटोंसह लिहून देतो.

आदल्या दिवशी फोन करा. आरसीचा आणि चेसिस नंबरचा फोटो पाठवा. गाडी रात्रीच आणून लावता आली तर उत्तम. नाहीतर आम्ही सकाळी साडेसातला विकणाऱ्याच्या दारात येतो. फक्त आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं त्याला सांगून ठेवा.