लिनक्समध्ये दाबलेली कळ अडते कुठे?

कीबोर्ड मेल्यासारखा वाटला की सगळ्यात आधी कॅप्स लॉक दाबावं आणि दिव्याकडे बघावं. यूएसबी कीबोर्डवरचा तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याची खबर संगणकाकडे जाते, कॅप्स लॉक चालू झालं हे तिथे ठरतं आणि मग दिवा लावण्याचा निरोप त्याच तारेतून परत येतो. म्हणजे दिवा लागला, तर तार, पोर्ट, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, सगळे जागे आहेत. बिघाड त्यांच्या पुढे, तुम्ही ज्यात टाइप करताय तिथे असणार. नाही लागला, तर अलीकडे कुठेतरी. एका कळीत निम्मा शोध संपतो.

लिनक्सवर माऊस किंवा कीबोर्ड रुसला की ‘सगळं पुन्हा इन्स्टॉल कर’ असा सल्ला फार पटकन दिला जातो. मला तो मनापासून खटकतो. या प्रणालीत कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा प्रत्येक टप्पा उघडा आहे. प्रत्येक टप्प्यावर काय पोचलं हे कुणालाही वाचता येतं. असं असताना अंदाजाने घर पाडून पुन्हा बांधायचं कशाला?

समजा तुम्ही मराठी इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’ लिहिताय. त्यासाठी दाबायची ती इंग्रजी ‘के’ची कळ. कळांच्या खाली उभ्या-आडव्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक उभी आणि एक आडवी तार जोडली जाते आणि कीबोर्डमधली छोटी चिप त्यावरून कळ ओळखते. चहा सांडल्यावर एकमेकांपासून लांबच्या चार-पाच कळा एकदम बंद पडतात त्या यामुळेच: त्यांची एक तार सामाईक असते. हे दुखणं कुठल्याही सेटिंगने बरं होत नाही. आता ती चिप यूएसबीच्या नियमांप्रमाणे ‘के’साठी १४ हा आकडा पाठवते. कर्नल त्याचं रूपांतर स्वतःच्या आकड्यात करतं, तो असतो ३७. आणि ३७ म्हणजे ‘के’ की ‘क’ हे अगदी शेवटी, निवडलेल्या मांडणीवरून ठरतं. कर्नलला मराठी-इंग्रजीशी काही देणंघेणं नसतं.

मधला तो ३७ डोळ्यांनी पाहता येतो. ‘ईव्हीटेस्ट’ नावाचं छोटं साधन टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालवलं की जोडलेल्या उपकरणांची यादी येते. आपला कीबोर्ड निवडून कळ दाबली की ओळी उमटतात: कळ खाली गेली तर १, सुटली तर ०, दाबूनच ठेवली तर २. (कीबोर्ड पूर्ण बंद असेल तर दुसरा जोडून हे करावं, लिनक्स एकाच वेळी अनेक कीबोर्ड आनंदाने ऐकतं.) इथे ३७ दिसतो, पण पडद्यावर ‘क’ येत नाही? मग कीबोर्ड निर्दोष आहे. मांडणी तपासा, आणि उच्चाराप्रमाणे मराठी लिहीत असाल तर मधे बसलेला आयबस हा प्रोग्राम तपासा, बऱ्याचदा तो पुन्हा सुरू केला की पुरतं. हे साधन चालवायला प्रशासकाचे अधिकार लागतात आणि तसंच असायला हवं, कारण इथे जे दिसतं त्यात तुमचा पासवर्डही असतो.

इथेही शांतता असेल तर आणखी खाली जायचं. ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा कर्नलची रोजनिशी दाखवते. ती उघडी ठेवून कीबोर्ड काढून पुन्हा खोचा. नवीन उपकरण आल्याची ओळ आली पाहिजे. तिच्याऐवजी उणे ७१ ही चूक दिसली तर संभाषणात गडबड आहे, उणे ११० दिसली तर उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. दोन्हींचं कारण बहुतेकदा सैल तार, दमलेला हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) किंवा अपुरी वीज हे असतं. पोर्ट बदला, हब मधून काढून टाका.

जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या यादीत लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड दिसला नाही तर घाबरू नये. अनेक लॅपटॉपमध्ये तो यूएसबीवर नसतोच. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये इंटेलची ८०४२ ही चिप कीबोर्ड सांभाळायची. तिची भाषा आजही वापरात आहे आणि कर्नलमधल्या त्या भागाचं नावही ‘आय८०४२’ असंच आहे. झोपवलेला लॅपटॉप उठवल्यावर फक्त आतला कीबोर्ड गप्प राहिला, तर डीमेसेजमध्ये हे नाव शोधावं.

माऊसच्या तक्रारींमध्ये तर विज्ञान जास्तच रंगतदार आहे. क्षणभर हात थांबला की माऊस गोठतो आणि बटण दाबल्यावरच जागा होतो, ही तक्रार वीज वाचवण्यातून येते. कर्नल रिकाम्या यूएसबी उपकरणाला झोपवू शकतं, त्यासाठीची ठरलेली मुदत २ सेकंद. माऊसच्या बाबतीत ही सोय मुळात बंद असते. पण बॅटरी टिकावी म्हणून ‘पॉवरटॉप’ या वीज वाचवणाऱ्या साधनाला सगळे बदल आपोआप करायला सांगितलं, की माऊसही त्या जाळ्यात येतो. त्याच साधनाच्या यादीत माऊसच्या ओळीवर जाऊन ती ‘बॅड’ करून टाकावी. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की इथे वीज वाचत नाही.

बिनतारी माऊस अडखळत, उड्या मारत चालत असेल तर दोष लिनक्सचा नसण्याचीच शक्यता मोठी. असे माऊस बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर बोलतात. यूएसबी ३ मधून सेकंदाला ५ गिगाबिट माहिती धावते तेव्हा जो विद्युत गोंगाट होतो, तो नेमका या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये मोजमापांसह हे दाखवून दिलं. माऊसचा चिमुकला रिसीव्हर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये आणि शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क, म्हणजे त्याला काही ऐकूच येत नाही. साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर हातभर लांब ठेवला की माऊस सुरळीत चालतो. ड्रायव्हर शोधत रात्र घालवण्याआधी हे नक्की करून बघा.

आणि एका क्लिकचे दोन क्लिक होणं? बटणाखालची धातूची पट्टी टेकताना सूक्ष्म थरथरते, जुन्या माऊसमध्ये जास्तच. पीटर हुटरर हे मुख्य विकासक असलेलं ‘लिबइनपुट’ आज बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर माऊस आणि टचपॅड सांभाळतं. काही मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा क्लिक ते थरथर समजून गाळतं. पट्टी फारच झिजली की मात्र थरथर त्या मुदतीपलीकडे जाते, मग बटण बदलणं हाच इलाज. ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवून एकदाच दाबा आणि क्लिक किती येतात ते मोजा, लगेच कळतं. याच लिबइनपुटमध्ये टाइप करताना टचपॅड बंद ठेवण्याची सोय आहे. खेळ खेळताना टचपॅड चालत नाही अशी तक्रार असेल तर ही सोय सेटिंगमधून बंद करावी.

उरल्या दोन किरकोळ गोष्टी. शिफ्ट सलग ८ सेकंद दाबून ठेवली तर काही डेस्कटॉपवर ‘स्लो कीज’ चालू होते आणि मग पटकन दाबलेली एकही कळ उमटत नाही. हात थरथरणाऱ्यांसाठी ती मोलाची सोय आहे, सुलभतेच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. दुसरं, कळा बदलून देणारी काही जुनी साधनं वेलँडवर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर, चालत नाहीत. त्याआधीच्या एक्स प्रणालीत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीतल्या कळा ऐकू शकत होता, वेलँडने ते दार बंद केलं. ही गैरसोय मी आनंदाने सोसतो.

सगळं तपासूनही अडचण राहिली तर ‘लिबइनपुट रेकॉर्ड’ वापरा. उपकरणाची माहिती आणि त्याची प्रत्येक हालचाल एका फाइलमध्ये नोंदली जाते, आणि ती फाइल मिळाली की विकासक आपल्या टेबलावर तीच हालचाल पुन्हा घडवून पाहू शकतो. त्या नोंदीत नेहमीच्या सगळ्या कळा मुद्दाम ‘ए’ म्हणूनच उतरतात, त्यामुळे तुम्ही काय लिहिलंत हे बाहेर जात नाही. दोष तुमच्याच मॉडेलचा निघाला तर त्यासाठीच्या दोन-चार ओळी लिबइनपुटच्या यादीत जातात आणि पुढच्या आवृत्तीबरोबर तेच मॉडेल वापरणाऱ्या सगळ्यांना मिळतात.